मत्सराचा वेचा

राजेश्वरी राहुरीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. पाचशे वर्षांपूर्वीचे युरोपातले मानवतावादी विद्वान प्राचीन ग्रीक नीतिकार वाचताना राग, मैत्री, मत्सर अशा मथळ्यांखाली वेचे टिपून ठेवत आणि पुढे मित्रांना, राजांना लिहिताना वापरत. तीही रोज असा एक वेचा मराठीत करून घरच्या ग्रुपवर टाकू लागली. सासूबाईंना मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून धाकटी जाऊ निकिता तो वाचून उलगडून सांगे. शेजारणी म्हणू लागल्या, "निकिता लई ग्यानाचं बोलती."

वेचे आपले आणि नाव निकिताचं, हे राजेश्वरीला खुपू लागलं. रविवारी तिने मुद्दाम मत्सराचा वेचा काढला आणि निकिताकडे बघत स्वतःच वाचला: मत्सरी माणसाला स्वतःच्या दुःखापेक्षा दुसऱ्याचं सुख जास्त छळतं.

सासूबाई म्हणाल्या, "झालं का बाई? निकिता, आता तू सांग, काय म्हनतोय त्यो?"

निकिता मेथी निवडत होती. "काही नाही आई. जावेची भाकरी फुगली म्हणून आपली तव्यावर करपू द्यायची नाही."

"व्हय, आता कळलं!"

सोमवारी राजेश्वरीने निकिताचं तेच वाक्य वर्गात सांगितलं. मुलं खूश झाली. भाकरी मात्र तिने ग्रीकाच्या नावावर खपवली.