सात दिवसांची मुदत

विमानतळावर मोडक्या सामानाच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीत बसून वकीलबाईंना एकोणीस वर्षं झाली होती. वकीलबाई हे नाव सहकाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलेलं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई घरबसल्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा कायदा शिकत होत्या. पास झाल्या की खिडकी सुटणार, वरच्या मजल्यावर भरपाई विभागात जागा मिळणार. पण दोनदा नापास! का, तर उत्तरं अनुभवातून लिहायच्या. ‘बॅग मोडल्यास प्रवाशाने प्रथम काय करावे?’ याला ‘आरडाओरडा थांबवावा’ हे उत्तर परीक्षकाला कसं चालणार?

यंदा त्यांनी पुस्तक घोकायला घेतलं, आणि नेमका तेव्हाच धाकट्या भावाचा फोन आला. परदेशात वाजवून नुकताच परतला होता, आणि सामानात दिलेल्या चेलोची, म्हणजे त्या माणसाएवढ्या व्हायोलिनची, मान मोडली होती. दुसरा घ्यायची ऐपत नाही, म्हणजे काम बंद.

“ताई, तू आहेस ना तिथं? बघ जरा.”

“हं, बघते,” बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या.

नवव्या दिवशी भाऊ खिडकीशी हजर. “काय झालं गं माझ्या भरपाईचं?”

“अर्ज कुठाय?”

“बहिणीला कसला अर्ज? फोनवर सांगितलं होतं की!”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, सात दिवसांत लेखी तक्रार लागते! तोंडी चालत नाही! नियम काय मी केलाय?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

फोन आला तेव्हा बाई घोकत होत्या तो धडा तक्रारीच्या मुदतीचाच होता.

“शिक्क्याची तारीख दोन दिवस मागं कर ना,” तो हळूच म्हणाला.

शेजारचं टेबल रिकामं होतं. बाईंना त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. त्यांनी अर्ज भरून घेतला, आजच्याच तारखेचा शिक्का दाणकन मारला आणि शेऱ्यात लिहिलं : प्रवाशाने पहिल्याच दिवशी मला फोन केला होता; लेखी तक्रार द्या, हे मी सांगितले नाही. खाली सही ठोकली. साहेबांनी हे वाचलं की वरच्या मजल्यावरची जागा गेलीच. आणि एवढं करूनही कायद्यात त्या शेऱ्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे बाईंना तोंडपाठ होतं.

भावानं अर्जाची प्रत खिशात घातली. चेहरा खुलला होता. “झालं की नाही काम? उगीच चिडतेस. आता मिळेल ना भरपाई?”

बाईंनी शिक्का खणात ठेवला.

“नाही रे मिळणार,” त्या म्हणाल्या.