आमेनपर्यंत

माझा मामा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. बत्तीस वर्षं. पत्रा ठोकून आकार देणारी प्रेस बिघडली की तिच्या पोटात शिरायचं आणि ग्रीसने माखून बाहेर यायचं, हे त्याचं काम. रविवारी सकाळी मात्र तोच माणूस नखं घासून घासून, इस्त्रीचा शर्ट घालून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला बसायचा. आजी म्हणायची, "सहा दिवस मशीनचा, एक दिवस देवाचा. याला बायको मिळणार कधी?" ती मिळालीच नाही.

मी टेलिफोन ऑफिसात नुकतीच लागले होते, त्या वर्षी मामाने लंबूबरोबर एक अल्बम केला. लंबू त्याचा शाळेपासूनचा मित्र. धंद्याने इलेक्ट्रिशियन, उंची सव्वासहा फूट, गायनवृंदात कायम मागच्या रांगेत. गिटार अशी वाजवायचा की खिडकीची तावदानं थरथरायची. दोघांना हेवी मेटलचं वेड, पण ड्रमर काही मिळेना. जो यायचा तो दोन आठवड्यांत पळायचा.

एके दिवशी मामा जुना सॅम्पलर घेऊन आला. त्यात कुठलाही आवाज साठवायचा आणि मग कळ दाबून तो हवा तसा तोडून, हवा तितक्या वेळा वाजवायचा. मामा लंबूला म्हणाला, "ड्रमर सापडला. साठ टनी आहे, पण ठेका चुकत नाही."

ड्रमर म्हणजे कारखान्यातली प्रेस. शनिवारी दुपारी सुट्टी झाली की फोरमन मामाला देखभालीसाठी थांबू द्यायचा. मामा एक मशीन चालू ठेवायचा आणि लंबू माइक धरायचा. प्रेसचा दणका, पत्रा कापतानाची किंकाळी, हवेच्या नळीचा सुस्कारा, डबे घरंगळताना होणारा खडखडाट, सगळं त्यांनी गोळा केलं. चर्चलाही सोडलं नाही. ऑर्गनच्या भात्याचा श्वास घेतला, गायनवृंदाचा एक लांबलचक 'आ' घेतला. प्रवचनाआधी पाळकसाहेब तीनदा खाकरायचे, तेही घेतलं. चर्चच्या हॉलमागे खुर्च्या ठेवायची खोली होती, तिची किल्ली पाळकसाहेबांनीच तालमीसाठी दिली होती. बिचाऱ्यांना काय माहीत!

आजी रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने प्रार्थना करायची. घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची, डोकेदुखीवाल्या शेजारणीचंही घ्यायची. शेवट ठरलेला असायचा, "प्रेसवरच्या सगळ्यांची बोटं जागेवर राहू दे. आमेन." माझ्या आजोबांची दोन बोटं त्याच कारखान्यात गेली होती. आजोबा हयातभर "आठांत भागतं की!" म्हणून हसायचे. आजी त्या विनोदाला कधी हसली नाही.

मामाने बरणीआड टेपरेकॉर्डर ठेवून ती प्रार्थना उचलली.

एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने मोठ्या कौतुकाने ते गाणं घरात लावलं. लंबूही आला होता. आधी गिटार गुरगुरली, मग प्रेस पडायला लागली, आणि दोन दणक्यांच्या मधे आजीचा आवाज आला, "बोटं... बोटं... बोटं-बोटं..."

आजीने हातातला कप खाली ठेवला. "हा माझा आवाज?"

"हो, आई."

"मला विचारलंस?"

लंबू उगाच चपला शोधायला लागला.

"तू बस रे लंबू. दोघांनी मिळूनच केलंय ना? नुसतं बोटं बोटं करताय. 'जागेवर राहू दे' कुठे गेलं?"

"ते तोडलं," मामा पुटपुटला. "ठेक्यात बसत नव्हतं."

"रोज सकाळी मी एवढं एकच मागते. तू ते अर्ध्यावर तोडलंस आणि परत त्याच मशीनखाली नेऊन ठेवलंस?"

ती उठून आत गेली. दोन दिवस घरात भांडी आदळत होती. तिसऱ्या दिवशी मामाला वाढता वाढता तिने विचारलं, "पुसलंस?"

"पुसलं."

"मग आता नीट घे. पण आमेनपर्यंत. मधे तोडायचं नाही."

त्या शनिवारी मी आजीला धरून कारखान्यात नेलं. नवरा आणि मुलगा दोघांची उमेदीची वर्षं तिथे गेली, पण तिने आत पाऊल टाकलं ते त्याच दिवशी. चर्चला नेसायची साडी नेसली होती. दारातच थांबून तिने विचारलं, "कुठली?"

मामाने खिडकीजवळची हिरवी प्रेस दाखवली. आजीने तिच्याभोवती एक फेरी मारली, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या जाळीवर हात ठेवला.

"ही जाळी तेव्हा होती?"

"नव्हती, आई."

मामा मशीन बंद करायला निघाला. "असू दे चालू," आजी म्हणाली. "हिच्यासमोरच म्हणते."

तिने डोळे मिटले. दणक्यावर आवाज चढवून एकेकाचं नाव घेतलं. बोटांपाशी आली तेव्हा सावकाश झाली, एकेक शब्द दोन दणक्यांच्या मधल्या जागेत ठेवत गेली. आमेन झाल्यावर डोळे उघडून म्हणाली, "झालं. बंद कर आता तिला." लंबू दोन्ही हातांनी माइक धरून तसाच उभा होता, डोळे पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

कारखान्यात शिफ्ट तीनच, म्हणून अल्बमचं नाव ठेवलं 'चौथी शिफ्ट'. तीनशे कॅसेट काढल्या. चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा तिसऱ्या गाण्यापर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. कमिटीतले एकजण तणतणत म्हणाले, "एक शब्द कळेल तर शपथ!" पाळकसाहेब म्हणाले, "माझ्या प्रवचनातले तरी कितीसे कळतात?" मग मामाकडे वळून हळूच, "ते खाकरणं माझं का रे?" तरी कमिटीने मामाला ऑर्गनवरून उठवलंच. दोन महिन्यांत परत बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाला पायाने भाता मारता मारता वाजवायला जमेना.

वर्षभराने कुठल्याशा दूरच्या गावाहून एका वेल्डरचं पत्र आलं. कामावर जाण्याआधी तो रोज शेवटचं, आजीच्या प्रार्थनेचं गाणं ऐकायचा. पत्रात लिहिलं होतं, "तुमच्या आईंना सांगा, माझी दहाही शाबूत आहेत." आजीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "नाव नीट सांग त्याचं. उद्यापासून घेते."

आणि घेतलं. जाईपर्यंत, म्हणजे पुढची अकरा वर्षं.

लंबू नोकरीसाठी परदेशी गेला, तिथेच रमला. कारखाना बंद पडला, प्रेस भंगारात गेल्या. मामाने दुसरा अल्बम केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एवढंच होतं माझ्याकडे. ते दिलं." आता वाटतं, त्या शनिवारांना मी आणखी जायला हवं होतं. तेव्हा ऑफिस, मैत्रिणी, सिनेमा यांतून सवड कुठे होती!

गेल्या महिन्यात मामाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून त्यांनी विचारलं, "कारखान्यात होता की गाण्याबजावण्यात?"

"एकच होतं ते," मामा म्हणाला.

मशीन कानात बसवून आम्ही रस्त्यावर आलो. बसने ब्रेक मारला, कुणीतरी शटर ओढलं. मामा दचकून थांबला, मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "थांब गं जरा. घाई नको करू. ऐकू दे."