पडद्यामागचा गळा

शेवटच्या संध्याकाळी मी नि माझी बायको ओट्यावर आंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. ती पानं खुडत होती, मी काड्या बाजूला करत होतो. पंचायतीच्या भोंग्यावर रेडिओ लागला, तसे आम्ही दोघांनी कानांवर हात दाबले. ही आमची जुनी रीत. नाटकातलं पद लागायच्या आधी रेडिओवाली बाई गाणाऱ्याचं नाव सांगते, ते ऐकायचं नाही. पेटी सुरू झाली की हात काढायचे नि गळा ओळखायचा. पद संपलं की ती बाई पुन्हा नाव सांगते, तेव्हा निकाल. हरणाऱ्यानं चहा मांडायचा. पेटी कधी सुरू झाली हे कळायला कोणीतरी एक हात जरा सैल ठेवायलाच पाहिजे. तो हात ती सैल ठेवी. मी म्हणे, "ऐकलं तू नाव." ती म्हणे, "मंग तुमी ठेवा सैल. तुमाले नाव आयकूनबी ओळखता येत नाही."

त्या दिवशी तिनं पहिल्या आलापातच सांगितलं, "हे पोरगी होय त्या जुन्या गानाऱ्या बाईची. मायचा गळा जाड होता, पन वळन तेच."

निकाल तिच्या बाजूनं लागला. मी चहा मांडला. चहा पिता पिता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जलमात एकाच डाव या कानानं दगा देल्ला बापा. तो घाटंजीचा राजा."

मी काड्या उचलल्या नि बैलांपुढे टाकून आलो.

पहाटे उठवायला गेलो तर ती उठली नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. लिहिणं माझं काम नाही. पण त्या राजाची गोष्ट लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, कारण त्या गोष्टीत खोटा मी आहे.

छप्पन-सत्तावन साल असेल. कापूस विकून झाला की आमच्या भागात नाटक कंपन्या यायच्या. गाण्याची नाटकं, एकेका पदाला दोन-तीन वन्समोर. घाटंजीहून आर्णीला त्यांचं सामान न्यायला माझी बैलबंडी असे. ट्रंका, मुकुट, लाकडी तलवारी, गुंडाळलेले पडदे. भाड्याशिवाय दोन माणसं फुकट आत. म्हणून आम्ही दोघं एकही खेळ सोडला नाही.

पण बसायचं वेगवेगळं. गडीमाणसं समोर जमिनीवर. बायांची जागा डाव्या अंगाला, कनातीच्या आड, विंगेला अगदी लागून. तिथून तिला राजा दिसे तो पाठमोरा, नाही तर नुसते जोडे. सोंग काय, पडदा कोणता, काही नाही. ती सगळं नाटक कानानं पाही. मला उलट. मला दिसे सगळं, पण गाण्यातलं काही कळत नसे.

पहाटे बंडीत बसून घरी येताना आमचा खेळ सुरू होई. ती विचारी, "आज राजवाडा कोनता लावलता?" मी सांगे, मागच्या नाटकातलं देऊळच आज राजवाडा केलं होतं, खालच्या कोपऱ्यातल्या ठिगळावरून ओळखलं. ते ठिगळ बंडीत चढवताना मी रोज पाहायचो. एकदा घाईत त्यांनी तळ्याचा पडदा उलटा टांगला, तर बदकं आभाळात. मी सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की बैल बुजले. मग मी विचारायचो नि ती सांगायची. राणीचं काम करणारा बाप्या कोण, त्याला सर्दी आहे का, तो मागच्या वर्षी कोणत्या कंपनीत होता. एकदा म्हणाली, "आजची नवी बाई पयले पोराचं काम करे दुसऱ्या कंपनीत. 'स' म्हनताना जीभ दातात अडकते तिची." मी दुसऱ्या दिवशी कंपनीत विचारलं. खरं निघालं.

असं कितीदा झालं, सांगता येत नाही. तिला अक्षरओळख नव्हती. पण जो गळा एकदा ऐकला तो ती विसरली नाही. कोण कुठं दम घेतो, कोण तान पुरी होण्याआधीच टाळीची वाट पाहतो, कोणाचा वरचा सूर पानतंबाखूनं बसला, सगळं तिच्या डोक्यात. विहिरीवरच्या बाया मुद्दाम तिला विचारत, "सांग वं, काल राणी कोन होता?" ती सांगे नि त्या ऐकत. गावात आमची पाच एकर जमीन, एक बैलजोडी. मान होता तो तिच्या कानाला.

मग तो घाटंजीचा खेळ आला. तिसऱ्या अंकात राजा वनात झाडाखाली बसतो नि मोठं पद म्हणतो. मी समोर होतो. त्याचे ओठ हलताना मी पाहिले, गळ्याची शीर फुगताना पाहिली. तीन वन्समोर झाले.

घरी येताना ती म्हणाली, "थे पद राजानं म्हटलं नाही."

"काहून? म्या डोळ्यानं पाह्यलं."

"पाह्यलं असन. राजा तानेच्या आधी नाकानं दम घेते, सूऽऽ असा आवाज येते. आजच्यानं तोंडानं घेतला. नि आवाज झाडाखालून नाही, माह्या बाजूनं आला."

"विंगेत भूत बसलं होतं का मंग?"

"भूत नाही. मानूस होता. राजाहून चांगला गाते."

गावात पोहोचल्या पोहोचल्या तिनं हे विहिरीवरच्या बायांना सांगितलं. त्या हसल्या. त्यातली सगळ्यात वयानं मोठी, आमच्या शेजारची, म्हणाली, "माय, साऱ्या घाटंजीनं राजाले गाताना पाह्यलं नि तू कनातीमागून नाही म्हनतं?"

दुसऱ्या दिवशी मी सामान चढवायला गेलो. पेटी वाजवणारे मास्तर ट्रंकेवर बसले होते. मी विचारलं. ते हळूच म्हणाले, "राजाचा गळा दुपारीच बसला होता. ओठ त्यानं हलवले. गायलो मी, विंगेतून, पेटी वाजवत. आर्णीचे खेळ बाकी आहेत बाबा. बाहेर बोलू नको."

मी शब्द दिला. आर्णीचे खेळ होईपर्यंत गप्प बसायला हरकत नव्हती. पण घरी आल्यावर तिनं विचारलं, "इचारलं का?" नुसतं 'नाही विचारलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "इचारलं. राजाच होता."

का म्हणालो? मास्तरांचं नाव पुढे करत नाही. मला एकदा तरी जिंकायचं होतं. जे साऱ्या गावानं पाहिलं ते मीही पाहिलं होतं, नि ती एकटी, काही न पाहता, बरोबर होती. हे मला सोसलं नाही.

ती चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "मंग माहीच चूक असन."

त्यानंतर तिनं विहिरीवर कोणाचा गळा ओळखून सांगितला नाही. बायांनी विचारलं तर म्हणे, "मले कायचं समजते." बायाही विचारायच्या थांबल्या. आर्णीचे खेळ झाले, शब्द संपला; कंपनी पुन्हा दोनदा आली, मास्तर तिसऱ्या वर्षी दुसरीकडे गेले. मी रोज म्हणे, आज सांगतो. दहा-अकरा वर्षं गेली. पंचायतीत भोंगा आला, आमचा कानावर हात ठेवायचा खेळ सुरू झाला, घरातल्या घरात ती जिंकत राहिली नि मी चहा मांडत राहिलो. माझ्या मनानं मी फेड करत होतो. ती फेड नव्हती.

तिला जाळून आलो तो दिवस कसा गेला माहीत नाही. घरात चूल पेटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाया भाकर नि पिठलं घेऊन आल्या. चार-पाच जणी होत्या, पुढे तीच मोठी, आता पार म्हातारी झालेली. तिनं ताट ठेवलं नि म्हणाली, "दोन घास खा, भाऊजी."

मी म्हणालो, "आधी आयका. घाटंजीच्या राजाचं पद राजानं म्हटलं नव्हतं. विंगेतून पेटीवाल्यानं म्हटलं. मले दुसऱ्याच दिवशी मालूम झालतं. तिले म्या खोटं सांगतलं."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला नि म्हणाली, "हे आमाले कायले सांगता आता? तिले सांगाचं होतं."

"हाव," मी म्हणालो.

"आमी हासलो तिले."

"तुमच्या हासन्यानं नाही, माह्या खोट्यानं गप झाली थे."

ती ताटाशेजारी खाली बसली. बाकीच्याही बसल्या. मी उठलो, जोडे घातले नि पंचायतीच्या ओट्यावर गेलो. तिथं गडीमाणसं बसली होती. त्यांनाही सांगितलं.