हाक

अमडापुरात नीळकंठ सरांचा इतिहासाचा तास म्हणजे रडायचा तास, अशी पोरांची थट्टा होती. ती अगदीच खोटी नव्हती. अमेरिकेतल्या गुलामांबद्दल सांगताना सरांचा गळा खरोखर दाटून यायचा. जहाजाच्या तळाशी साखळदंडात कोंबलेली माणसं, बाजारात आईपासून तोडलेलं लेकरू. एक गोष्ट तर ते हमखास सांगत: तिकडे केस पिकलेल्या म्हाताऱ्यालाही मालकाचं शेंबडं पोर 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारायचं. "माणसाचं नावसुद्धा ठेवलं नाही रे त्यांनी!" असं म्हणून सर चष्मा पुसायचे. माणूस मनाचा हळवा, यात वाद नाही. हळवेपणा सातासमुद्रापार पाठवायला काही खर्च येत नाही, एवढंच.

यंदा त्यांनी वर्गात वादविवाद ठेवला. तिकडची गुलामगिरी आणि आपल्याकडची जातीची चाकरी शेजारी शेजारी ठेवून शिकवावी का? दोन्ही बाजू कडाडून भांडल्या. शेवटी निकाल द्यायला सर उठले. "तुलनाच चुकीची आहे. तिकडे माणूस विकला जायचा. आपल्याकडे गडी घरच्यासारखा असायचा."

समता उभी राहिली. वर्गात एरवी फारसं न बोलणारी पोरगी. "सर, माह्या आबाजीले तुम्ही काय म्हणता?"

तिचे आबाजी, म्हणजे आजोबा इंद्रभान, सरांच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्या शेतावर राबत आले होते. लहानग्या नीळकंठला खांद्यावर बसवून त्यांनीच शाळेत पोचवलेलं. आणि सर त्यांना काय म्हणतात ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इंद्र्या.

"बस खाली," सर ओरडले. समता बसली. तास संपला, पण 'बस खाली' हे दोन शब्द सरांना सलत राहिले. आपण तिला गप्प केलं, आणि तेही उत्तर माहीत असताना. घरी जाताना त्यांना कोणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

संध्याकाळी इंद्रभान कडब्याची पेंढी घेऊन अंगणात आले. सरांनी मनाचा हिय्या केला. ओसरीवर खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि म्हणाले, "या इंद्रभानराव. बसा."

म्हाताऱ्याच्या हातातली पेंढी गळून पडली. त्यांनी हात जोडले. "काय चुकलं जी माह्यं, बापू?"

सर गोंधळले. मग एकदम आठवलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचे वडील रोज 'इंद्र्या'च म्हणायचे. फक्त संताप अनावर झाला की कुत्सितपणे म्हणायचे, 'या इंद्रभानराव!' आणि त्यानंतर आईबहिणीचा उद्धार व्हायचा. या घरात म्हाताऱ्याचं पुरं नाव फक्त शिवीच्या आधी घेतलं गेलं होतं.

"काही नाही चुकलं. बसा ना."

"मी सांगनारच होतो, बापू." इंद्रभानांचा आवाज कापत होता. "काल गाय सुटली अन् तुरीत शिरली. दावं मीच सैल बांधलं होतं. हात चालत नाही आता. कामावरून काढू नका जी."

सरांना गाईचं काही माहीतच नव्हतं. समोर सत्तरी ओलांडलेला माणूस थरथरत होता आणि ते त्यांना पाहवेना. तोंडातून निघून गेलं, "अरे इंद्र्या, काही नाही झालं. बस बरं."

इंद्रभानांचा चेहरा उजळला. "असं म्हना ना! भेवच दाखोला मले." खुर्ची बाजूला सारून ते खाली जमिनीवर टेकले आणि हसले. सर आत गेले आणि दार लोटून रडले. या वेळी अमेरिकेसाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी खडू हातातच घेतला नाही. "काल समताला मी खाली बसवलं. माझी चूक झाली. ती बरोबर विचारत होती. आपल्याकडेही आपण माणसाचं नाव ठेवलं नाही."

समता उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी आशाच होती. "मंग आता काय म्हणता, सर?"

खोटं बोलणं सोपं होतं. वर्गाने टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या.

"काल संध्याकाळीही तेच म्हटलं गं," सर म्हणाले आणि मान खाली घालून खुर्चीत बसले. समता मात्र उभीच राहिली.