तुपाला नको

गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजल्याचा वास आला, की मला अकोल्याजवळचं आमचं शेत आठवतं आणि आधी हसूच येतं. लेक तेव्हा लहान होती, स्वमग्न. काही नको असलं की किंचाळायची, ताट भिरकावायची. अमरावतीच्या थेरपिस्टबाईंनी कितीतरी महिने खपून तिला 'नको' म्हणायला शिकवलं आणि आम्हाला बजावलं, "ती नको म्हणाली की तिथंच थांबायचं. ऐकलं नाही, तर ती म्हणणंच सोडून देईल." पण आमच्याकडे पंगतीतलं 'नको' कोण ऐकतो? त्या दिवशी शेतात रोडग्यांची पंगत बसली आणि सासरे तुपाची गडवी घेऊन वाढायला आले. लेक रोडग्याकडे बघत स्वच्छ म्हणाली, "नको." मला रडूच फुटणार होतं, तेवढ्यात "खाय वं माय, घरचं तूप आहे," म्हणत त्यांनी गडवी वाकवली. ज्यांच्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, त्यांचा हात मी भर पंगतीत धरला. "मामाजी, पोरगी नको म्हणून राहिली ना. थांबा." सगळ्यांचे घास हातातच राहिले. सासरे म्हणाले, "रोडगा, अन् तुपाबिगर? हे कोन्त्या डॉक्टरनं सांगतलं?" मग तिच्यापुढं उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "खरंच नको काय वं?" "नको." "बरं," म्हणत ते उठले आणि लेकीनं कोरडा रोडगा आनंदानं संपवला. आता ती माझ्या खांद्याला लागते. सासरे आजही वाढताना तिच्यापाशी थांबतात, विचारतात, उत्तराची वाट बघतात. मग माझ्याकडे वळतात. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणते, आणि ते माझ्या बोटांवरूनच तूप सोडतात.