मोठा केलेला फोटो

बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघर एकच, आणि रविवारची दुपार झाली की ते माझं. खिडकीला काळा कागद, बादल्यांवर फळी, फळीवर फोटो मोठे करायचा एन्लार्जर, वर लाल दिवा. नवऱ्याने या छंदाला कधी नाही म्हटलं नाही, टोमणे मात्र रोज मारले.

रोल धुतला की मी आधी कॉन्टॅक्ट काढायची. निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवायच्या, वर काच, क्षणभर उजेड. सगळा रोल एका कागदावर येतो, पण एकेक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यातला एखादाच मी मोठा करायची. चिक्कू म्हणा हवं तर.

तो रोल तळजाईच्या टेकडीवरचा होता. सगळ्या फोटोंत नवराच, कारण दुसरं कोणी माझ्यासाठी एवढा वेळ उभं राहत नाही. एका फोटोत मी अचानक हाक मारल्यामुळे त्याने झटकन मान वळवली होती. तो मला आवडला. भिंगातून पाहिलं, तर डाव्या जबड्याखाली काहीतरी दिसलं. धूळ असेल म्हटलं. पण निगेटिव्हवरची धूळ कागदावर पांढरी उमटते, आणि ही सावली होती.

मी मूळचीच भित्री. कोणाला घरी यायला जरा उशीर झाला की अपघात झालाच असं धरून चालणारी. नवरा म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुझ्यापाठी तर त्याचं अख्खं बिऱ्हाड!"

भीती खोटी ठरावी म्हणून मी फक्त मानच मोठी केली. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. केस आले, कान आला, आणि मग जबड्याखाली गोल उंचवटा आला. गाठच ती. फोटो पक्का व्हावा म्हणून तो हायपोच्या ट्रेत बुडवला.

पुन्हा कॉन्टॅक्ट उचलला. बाकी एकाही फोटोत गाठ नव्हती. क्षणभर जीव भांड्यात पडला. मग नीट पाहिलं. कुठे कॉलर वर केलेली, कुठे तळहात मानेवर, कुठे डावी बाजू झाडाआड. सगळे फोटो शेजारी शेजारी होते म्हणून ते कळलं. गाठ त्याला माहीत होती.

दारावर थाप पडली. "अगं, हातपाय धुवायला मिळतील का, की मीही हायपोत बुडून येऊ?"

"थांबा, कागद उघडा आहे, उजेड लागेल," मी म्हणाले. कागद केव्हाच डब्यात ठेवला होता. मला दार उघडायची भीती वाटत होती.

शेवटी उघडलं. ओला फोटो त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "अहो, ही कधीपासून आहे?"

त्याचा हात आपोआप कॉलरकडे गेला. "गणपतीच्या आधीपासून. तू एखादाच फोटो मोठा करतेस. म्हटलं, नेमका हा कशाला निवडशील?"

"डॉक्टरांना दाखवलीत?"

टोमणा येईल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, "नाही. मला भीती वाटली गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ओल्याच हाताने मी त्याची कॉलर खाली केली आणि जबड्याखाली चाचपून पाहिलं. फोटोतल्यापेक्षा गाठ खूप लहान होती. पण कठीण होती.