शेवंताआत्यांचं गुरुवारचं मौन

दुपारची भांडी आवरून मी शिलाई मशीनशेजारी चटईवर आडवी होते. झोपायचं नाहीये मला, फक्त मान टेकायची आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतायत. डॉक्टर म्हणाले, दोन महिने शिवण बंद ठेवा, नाहीतर ही बोटं पुन्हा सुई धरायची नाहीत. आणि चार वाजता वन्सं येणार आहेत, माझ्या पुतणीच्या लग्नाचे बारा ब्लाउज घेऊन. फोनवर मी काय म्हटलं असेल? "या की." दुसरं काही माझ्या तोंडातून निघतच नाही. लग्न होऊन तेवीस वर्षं झाली, अजून निघत नाही.

पंखा फिरतोय. मशीनचं पायडल आपोआप हलायला लागतं, आधी हळू, मग सराईत. मी डोळे किलकिले करून बघते, तर स्टुलावर शेवंताआत्या बसल्यात.

शेवंताआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. विशीत विधवा होऊन भावाकडे आल्या आणि आयुष्यभर आमच्याच घरात राबल्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हे मला आत्ताही पक्कं ठाऊक आहे, पण भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं, कारण मला त्यांना एक गोष्ट विचारायची राहून गेलीय. चौकशा करायची खोड माझी जुनीच.

दर गुरुवारी आत्यांचं मौन असायचं. दुपारी जेवण झालं की जिभेखाली लवंग ठेवायच्या आणि मागच्या पडवीत जाऊन बसायच्या, ते दिवेलागणीपर्यंत. कुणी हाक मारली तर तोंडाकडे बोट दाखवायच्या. व्रत म्हटल्यावर कुणी काम सांगायचं नाही. त्या गेल्यावर गुरुजी म्हणाले, व्रताचं उद्यापन करायला हवं, देवता कोणती? घरात एकालाही सांगता येईना. थोरले दीर म्हणाले दत्त, सासूबाई म्हणाल्या शंकर असेल. उद्यापन राहिलं ते राहिलंच.

"आत्या, ते मौन कोणत्या देवाचं होतं हो?"

"आधी एवढा दोरा ओवून दे," त्या म्हणतात. "मला मेलं दिसत नाही."

मी दोऱ्याचं टोक शोधायला लागते. दोरा मशीनवरून खाली उतरलाय, दारातून बाहेर गेलाय. मी त्याच्यामागे चालत राहते आणि मिरजेच्या एसटी स्टँडवर उभी असते. उन्हं आहेत, पण सावल्या कुणाच्याच नाहीत. बायकांची रांग लागलीय आणि प्रत्येकीच्या गळ्यात मापाची टेप आहे. येणारा-जाणारा टेपचं टोक धरतो, ओढतो, चार पावलं नेऊन सोडून देतो. कुणी कुणाला विचारत नाही. माझीही कुणीतरी ओढतंय, मी हसून मान पुढे करतेय. आत्या माझ्यामागेच रांगेत उभ्या आहेत, त्यांचा गळा मोकळा.

"तुमची टेप कुठं गेली?"

"गुरुवारी काढून ठेवते."

"कोण काढू देतं?"

त्या नुसत्या हसतात. गाडी येते. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवते आणि तो आमच्या मागच्या पडवीत पडतो. पडवी आता राहिली नाही, तिथं बाथरूम झालंय, तरीही शेणानं सारवलेली जमीन तळपायाला गार लागते. कोनाड्यात आत्यांची पितळी डबी आहे. त्या हयात असताना तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"उघड. इतकी वर्षं तुला तेच तर हवंय," आत्या म्हणतात.

मी उघडते. आत लवंगा आहेत. टाक नाही, तसबीर नाही, देव म्हणून मांडतात ती सुपारीसुद्धा नाही.

"देव कुठाय?"

"देव आपल्या जागी आहे गं. व्रत त्याचं नव्हतं, माझं होतं." आत्या भिंतीला टेकून बसतात. "एकदा म्हटलं होतं, मी दमलेय, घटकाभर बसते. तर तुझी सासू म्हणाली, आम्ही काय लोळत पडलोय? पुढच्या गुरुवारी म्हटलं, माझं मौन आहे. तिनं स्वतः माझ्या हातातली परात काढून घेतली. मग तेच धरून बसले. छत्तीस वर्षं."

मला हसू येतं. अख्ख्या घराला फसवलं म्हणायचं. पण आत्या हसत नाहीत.

"एका गुरुवारी तू आली होतीस इथं," त्या म्हणतात. "काय विचारायचं होतं तुला?"

माझं हसू तिथंच थांबतं. लग्नाला वर्षच झालं होतं. तासगावला आई आजारी होती आणि घरात सगळे म्हणत होते, पाहुणे येणार आहेत, रविवारी जा. सासरे ऐकायचे ते फक्त आत्यांचं. मी रडत रडत पडवीत आले होते. आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंडाकडे बोट दाखवलं. मी रविवारी गेले. आई होती, पण तिनं मला ओळखलं नाही.

"मामंजींना एक शब्द सांगा, एवढंच म्हणायचं होतं," मी म्हणते. "तुमचा फार राग होता मला, आत्या. अजून आहे."

"असू दे. असायलाच हवा." त्या माझी मुंग्या आलेली बोटं हातात घेऊन चोळतात. "कळत होतं गं मला. पण देवाचं नाव पुढं केलं होतं ना मी. बोलले असते तर सगळं उघडं पडलं असतं. व्रत माझं आहे असं आधीच सांगितलं असतं, तर त्या दिवशी माझं मी मोडलं असतं."

आत्या डबीतली एक लवंग माझ्या मुठीत ठेवतात आणि बोटं मिटतात.

"मी बोलले असते, मालन," त्या म्हणतात.

बेल वाजते. कोनाडा नाही, डबी नाही, माझ्या गालावर चटईचे वळ उमटलेत. पंखा फिरतोय. चार वाजलेत. उठायला म्हणून मी हात टेकते तर मुठीत काहीतरी टोचतं. उघडून बघते, तर लवंग. घरातल्या लवंगा परवाच्या मसालेभातात संपल्या, नव्या आणायच्या राहिल्यात.

मी ती जिभेखाली ठेवते आणि दार उघडते. वन्सं दोन पिशव्या घेऊन उभ्या, घामाघूम.

"वन्सं, मला हे ब्लाउज शिवायला जमणार नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहतात. "अगं, सकाळी तर या म्हणालीस." मग त्यांच्या लक्षात वार येतो. "आज गुरुवार नाही का? काही व्रतबित धरलंयस का? तसं सांग ना मग, देवाधर्माचं असलं तर माझं काही म्हणणं नाही."

हो म्हटलं की सुटले. लवंग जिभेला चुरचुरते.

"देवाचं काही नाही, वन्सं. माझी बोटं दुखतायत. दोन महिने शिवायचं नाही, असं माझं मी ठरवलंय."

वन्सं एक पिशवी खाली ठेवतात, दुसरी हातातच.

"आणि नवरीचा गं?" त्या हळूच विचारतात. "ती म्हणाली होती, मालनकाकूच्याच हातचा हवा."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेते.

"नवरीचा तेवढा ठेवून जा," मी म्हणते. "तो मी शिवीन."